पाचशेची पावती

सोसायटीत सोळा कॅमेरे मीच बसवले.
ठराव माझा, तीन कोटेशनं मी मागवली,
आणि तळमजल्यावरचे गोगटे जेव्हा म्हणाले,
"आमच्या दारावर नको हो, आम्ही बनियनवर दूध घेतो,"
तेव्हा "लपवण्यासारखं नसेल तर भ्यायचं कशाला"
हे वाक्यही माझंच.
इतिवृत्तात आहे.

दोन महिन्यांत लोणकरबाईंचं मंगळसूत्र गेलं.
सकाळी सव्वासहाला, चार नंबरच्या बरोबर खाली.
हवालदारांसोबत आम्ही ते अकरा वेळा पाहिलं:
एक काळं हेल्मेट येतं,
वाकतं,
जातं.
नंबरप्लेटवर चिखल.
बाईंचा हात गळ्याशी तसाच, किती तरी वेळ.

चोर सापडला नाही.
पण बाई रोज घोसाळकरांच्या जास्वंदीची फुलं तोडतात
हे मात्र सापडलं.
आता त्या फुलं विकत आणतात,
कॅमेऱ्याच्या बाजूची पायरी टाळून चढतात.
मला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं,
खरं सांगतो.

मग गुरुवारी, जेवताना, फोन वाजला.
गाडी माझ्या नावावर, म्हणून मेसेज मला.
खंडोजीबाबा चौक. सात बावन्न.
पुढचं चाक झेब्रा क्रॉसिंगवर. दंड पाचशे.
खाली लिंक, लिंकमध्ये फोटो.

स्कार्फ बांधलेला, आपल्याकडच्या पोरी बांधतात तसा,
डोळे सोडून सगळं झाकणारा,
सख्ख्या बापाला ओळखू येऊ नये असा.
पण पिस्ता रंगाचा तो स्कार्फ
तुळशीबागेतून मीच घासाघीस करून आणलेला.
मागे एक मुलगा.
त्याच्या कुशीत कुंडी, कुंडीत कसलंसं रोप,
आणि हनुवटी केतकीच्या खांद्यावर
अशी टेकलेली, जणू सिग्नल कधी सुटूच नये.

सात बावन्नला ती अकाउंट्सच्या क्लासला असते.

"कुणाचा मेसेज, बाबा?"
"बँकेचा," म्हणालो.
आमटीत मीठ कमी होतं. कुणीच बोललं नाही.

रात्री ऑफिसचं कुलूप काढून मॉनिटरसमोर बसलो.
सेक्रेटरीला कोण विचारणार?
एक नंबर: फाटक. नऊ वाजून सहा मिनिटं.
ती गाडी थांबवते, स्कार्फ सोडते,
हसू अजून ओठांवर ओलं आहे.
मग वर बघते, थेट काचेत,
थेट माझ्याकडे,
आणि हळूहळू
घरचा चेहरा चढवते.

हे मी अकरा वेळा पाहिलं नाही.
दोनदा पाहिलं.

तोंड कडू झालं म्हणून पार्किंगच्या कोपऱ्यात गेलो.
अँजिओप्लास्टीनंतर मी सोडलेली सिगारेट
तिथेच ओढतो, पाण्याच्या टाकीमागे.
काडी पेटवली आणि आठवलं:
नऊ नंबर!
वर पाहिलं तर त्याचं तोंड भिंतीकडे,
रुसलेल्या पोरासारखं.

"वाऱ्यानं वळला का रे, हणमंत?"
वॉचमन खुर्चीतून उठलाही नाही.
"वाऱ्यानं न्हाई, साहेब.
पाडव्यापास्नं म्याच वळवलाय.
तुमाला बरं पडंल म्हनून."

त्याच्या शेजारी बसून राहिलो.
रस्त्यावर एक काळं हेल्मेट गेलं.
आम्ही दोघांनीही मान वळवून पाहिलं.
कुणीही असेल. डिलिव्हरीवाला असेल.
काळी हेल्मेटं या शहरात किती.

दंड भरला. पावती आली, ती पुसली.
फोटो पुसायला दोन दिवस लागले.

रविवारी गॅलरीत एक नवी कुंडी होती,
मधुमालतीचं रोप, वीतभर, काडीला दोऱ्यानं बांधलेलं.
केतकी आत केस विंचरत होती,
आरशातून माझ्याकडे बघत होती
की नव्हती, कुणास ठाऊक.
मी तिच्याकडे पाठ केली
आणि पाणी घातलं.
जरा जास्तच झालं बहुतेक;
खाली गोगट्यांच्या बनियनवर गळलं असणार,
कारण ते ओरडले.